उडी मारणाऱ्या मुलांनी अमेरिकेत कॉलेजची टीम कशी शोधायची

माझी धाकटी तिहेरी उडी मारते. न्यू जर्सीतल्या सरकारी हायस्कुलात बारावीला आहे आणि येत्या ऑगस्टपासून पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान कॉलेजच्या टीममध्ये असेल. इथवर यायला आम्हाला दोन वर्षं लागली. त्यातलं पहिलं जवळजवळ वाया गेलं, कारण सांगणारं कुणी नव्हतं. ओळखीच्या मराठी घरांत टेनिस खेळणारी मुलं आहेत, पोहणारी आहेत, क्रिकेटवाली तर आहेतच. उडीवालं कुणीच नाही. गेल्या महिन्यात मंडळाच्या हळदीकुंकवाला एका बाईंनी विचारलं, "माझा मुलगा दहावीत आहे, लांब उडी मारतो, पुढे काय करायचं?" हातात वाण घेऊन उभ्या उभ्या जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. राहिलेलं इथे लिहिते.

मी फलटणला शाळेत असताना खो-खो खेळायचे. खुंटापाशी गड्याला बाद करायला सूर मारायचा, तर शेवटची दोन पावलं बरोबर पडावी लागतात, हे मला पायाला ठाऊक आहे. दहावीचं वर्ष लागलं आणि घरून खेळ बंद झाला. कुणी रागावलं नाही, भांडण नाही, नुसता बंद झाला. त्यामुळे लेकीचा खेळ शाळेपाशी थांबू द्यायचा नाही, एवढं माझं ठरलेलं होतं. कसं, ते मात्र माहीत नव्हतं.

आधी आकडा

आपल्याकडे खेळाचं प्रमाणपत्र जोडलं की बोर्डाच्या परीक्षेत वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा राखीव असतात. त्या सवयीने आम्हीही सुरुवातीला पदकं जमवत बसलो. कॉलेजच्या कोचला पदकाशी काही देणंघेणं नसतं. मंगळवारच्या दोन शाळांच्या मीटमध्ये, म्हणजे स्पर्धेत, ३२ फुटांवरही पहिला नंबर येतो. कोचला हवा असतो आकडा: किती लांब, कुठल्या मीटला, कुठल्या तारखेला.

हायस्कुलात उडी फूट-इंचांत मोजतात, कॉलेजात मीटरमध्ये. तेव्हा पहिलं काम म्हणजे आपला आकडा मीटरमध्ये पाठ करायचा. लेकीची दहावीतली सर्वांत लांब उडी ३५ फूट २ इंच, म्हणजे १०.७२ मीटर. अकरावीच्या मे महिन्यात ती ३७ फूट साडेचार इंचांवर गेली, म्हणजे ११.३९. लांब उडीवाल्यांनी एवढं लक्षात ठेवलं की बास: १८ फूट म्हणजे ५.४९, १९ फूट म्हणजे ५.७९ आणि २० फूट म्हणजे ६.१० मीटर.

मीटचे निकाल अॅथलेटिक डॉट नेट आणि माइलस्प्लिट या दोन ठिकाणी चढतात आणि कोच तिथेच शोधतात. इथे एक गोष्ट आपल्या लोकांसाठी मुद्दाम सांगते. आपल्या मुलांच्या नावांचं स्पेलिंग दर मीटला कुणीतरी वेगळं टाकतं. लेकीच्या आडनावात एक 'एच' कधी असायचा, कधी नसायचा, त्यामुळे तिची दोन वेगवेगळी पानं तयार झाली होती. चांगल्या उड्या एका पानावर, इनडोअरच्या, म्हणजे हिवाळ्यात बंद हॉलमध्ये मारलेल्या, दुसऱ्यावर. एखाद्या कोचने नाव शोधलं असतं तर त्याला अर्धीच मुलगी दिसली असती. शाळेच्या कोचला सांगून दोन्ही पानं एक करून घेतली. नववीतच एकदा हे तपासा आणि दर हंगामाच्या सुरुवातीला पुन्हा बघा.

आता दुसऱ्या बाजूचा आकडा. कॉलेजच्या मीटचे निकाल टीएफआरआरएस नावाच्या साइटवर असतात. सगळ्यांसाठी खुले, फुकट. मुलाला ज्या कॉलेजात रस आहे त्याची कॉन्फरन्स, म्हणजे आपापसांत स्पर्धा करणाऱ्या कॉलेजांचा गट, कोणती ते बघा, तिच्या गेल्या वर्षीच्या अजिंक्यपदाच्या मीटचा निकाल उघडा आणि आपल्या उडीत आठवा नंबर किती मीटरवर आला ते वहीत लिहा. आठवाच का, तर बहुतेक कॉन्फरन्सच्या मीटमध्ये पहिल्या आठ जणांनाच टीमसाठी गुण मिळतात: १०, ८, ६, ५, ४, ३, २, १. कोच मुलाकडे बघताना एवढंच मोजत असतो, की हा पोरगा मला कधी आणि किती गुण आणून देईल.

मग त्या टीममधल्या आत्ताच्या उडीवाल्यांची नावं घ्या आणि ती मुलं हायस्कुलात किती मारत होती ते माइलस्प्लिटवर शोधा. याला एक रविवार लागतो. पण त्यातून जे कळतं ते कुठलाही सल्लागार सांगत नाही. आम्ही चौदा कॉलेजं अशी काढली. सहा ठिकाणी लेकीचा आकडा पार खाली होता, तीन ठिकाणी ती पहिल्याच दिवशी टीममधली सर्वांत लांब उडी मारणारी ठरली असती आणि पाच ठिकाणी तिची अकरावीची उडी तिथल्या मुलींच्या अकरावीच्या उडीशी जुळत होती. त्या पाचांतलंच एक कॉलेज शेवटी पक्कं झालं.

आम्ही मराठी माणसं यादी उलटी करतो. आधी नावाजलेली कॉलेजं लिहितो, मग मुलाचा आकडा त्यांत कोंबायला बघतो. मी स्वतः तसंच केलं होतं. आकड्यापासून सुरुवात केली असती तर ते पहिलं वर्ष वाचलं असतं.

वाऱ्याचंही सांगते. पाठीमागून सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त वारा असेल तर उडी विक्रमासाठी धरत नाहीत, पण शाळेच्या साध्या मीटला वारा मोजायचं यंत्रच नसतं. अकरावीच्या एप्रिलमध्ये एका मीटला पाठीमागून असा वारा होता की कपडे अंगाला चिकटत होते. लेक ३८ फूट २ इंच गेली. मला तो आकडा सगळ्या ईमेलच्या माथ्यावर टाकायचा होता. शाळेच्या कोच म्हणाल्या, नको, बाकीच्या उड्या ३६ आणि ३७च्या आहेत, ही एकटीच वेगळी दिसेल. पुढे एका कॉलेजच्या कोचने पहिल्याच फोनवर तिला विचारलं, "तुझी पाचव्या नंबरची उडी किती?" तिला ती लगेच सांगता आली, ३६ फूट ९ इंच. मुलाच्या सर्वांत चांगल्या पाच उड्या तारखांसकट लिहून ठेवा.

डिव्हिजन म्हणजे काय आणि पैसा कुठे आहे

एनसीएए ही कॉलेजांच्या खेळांची मुख्य संघटना. तिच्या तीन डिव्हिजन आहेत. शिवाय एनएआयए ही वेगळी संघटना आहे आणि दोन वर्षांच्या कॉलेजांसाठी एनजेसीएए. पहिल्या आणि दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळाची शिष्यवृत्ती असते, तिसरीत नसते. आयव्ही लीगची कॉलेजं पहिल्या डिव्हिजनमध्ये असूनही खेळाची शिष्यवृत्ती देत नाहीत.

खेळाची शिष्यवृत्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चार वर्षं फुकट शिक्षण येतं. ट्रॅकमध्ये तसं फारच थोड्यांना मिळतं. पहिल्या डिव्हिजनच्या मुलींच्या टीमला २०२५ पर्यंत १८ पूर्ण शिष्यवृत्त्यांएवढा पैसा द्यायची मुभा होती, मुलांच्या टीमला १२.६. तो पैसा धावणारे, उड्या मारणारे, गोळा फेकणारे अशा सगळ्यांत वाटायचा. जून २०२५ मध्ये कोर्टाने एक मोठी तडजोड मंजूर केली आणि त्या व्यवस्थेत आलेल्या कॉलेजांना शिष्यवृत्तीची ही मर्यादा राहिली नाही. तिच्याऐवजी माणसांची मर्यादा आली: ट्रॅकच्या टीममध्ये ४५ मुलं, ४५ मुली. ऐकायला बरं वाटतं, पण आमच्यासारख्यांना त्याचा फटका बसला. पूर्वी मोठ्या टीममध्ये शिष्यवृत्ती नसलेली, वॉक-ऑन म्हणून घेतलेली बरीच मुलं असायची, हळूहळू वर यायची. आता मोजक्या जागा म्हटल्यावर कोच तयार खेळाडू घेतात. लेकीशी चार महिने नियमित बोलणारा एक कोच त्या उन्हाळ्यात एकदम गप्प झाला. तीन आठवड्यांनी त्याने सरळ लिहिलं, की जागा कमी झाल्यात, मी तुला नेऊ शकत नाही. ती दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाही. तरी त्याने खरं सांगितलं याचं मला बरं वाटलं.

तिसरी डिव्हिजन ऐकून नाक मुरडू नका. एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, शिकागो, एमरी, कार्नेगी मेलन या सगळ्यांचं ट्रॅक तिसऱ्या डिव्हिजनमध्ये आहे. आमच्या राज्यातली रोवान आणि टीसीएनजे तिथेच आहेत. खेळासाठी पैसे मिळत नाहीत, पण अभ्यासावर आणि घरच्या उत्पन्नावर मिळतात आणि बऱ्याच घरांना ते मोठ्या डिव्हिजनच्या अर्ध्यामुर्ध्या शिष्यवृत्तीपेक्षा जास्त पडतात. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो. ईमेल पाठवायच्या आधी नवरा-बायकोने एका संध्याकाळी बसून तो भरा आणि परवडत नाही ते नाव तेव्हाच यादीतून काढा. मुलगा त्या कोचवर जीव लावून बसल्यावर काढायला गेलात तर घरात रडारड होते.

व्हिसावर असलेल्या घरांसाठी थोडं जास्त सांगते, कारण हे आपल्यातच फार आहे. फाफसा नावाचा अर्ज भरून मिळणारी केंद्र सरकारची मदत नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळते, एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, असलेल्या मुलांना नाही. खेळाची शिष्यवृत्ती मात्र कॉलेज कुठल्याही देशाच्या मुलाला देऊ शकतं. खाजगी कॉलेजं आपल्या खिशातून मदत देतात, पण नागरिक नसलेल्यांसाठी प्रत्येकाचा नियम निराळा असतो. तेव्हा कोचला विचारू नका, आर्थिक मदतीच्या कचेरीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. आणि हल्ली खेळाडूंना नावावर, फोटोवर पैसे मिळतात, त्याची भुरळ पडते. एच-४ वरच्या मुलाला काम करून पैसे घ्यायची परवानगी नसते. वकिलाला विचारल्याशिवाय एक डॉलरसुद्धा घेऊ नका.

विषयांची यादी

पहिल्या आणि दुसऱ्या डिव्हिजनसाठी एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरमध्ये खातं उघडावं लागतं. हायस्कुलचे १६ मुख्य विषय लागतात आणि त्यांतला जीपीए, म्हणजे चारपैकी गुणांची सरासरी, पहिलीसाठी किमान २.३, दुसरीसाठी २.२. आपल्या मुलांना गुणांची अडचण सहसा येत नाही, यादीची येते. पहिल्या डिव्हिजनसाठी १६ पैकी १० विषय बारावी सुरू व्हायच्या आत पुरे व्हावे लागतात आणि त्या दहांत सात इंग्रजी, गणित, विज्ञानातले हवेत. शाळेने दिलेला प्रत्येक विषय यात धरला जात नाही. तुमच्या हायस्कुलच्या नावाने मान्य विषयांची यादी एनसीएएच्या साइटवर सापडते, ती नववीतच काढून काउन्सेलरच्या टेबलावर ठेवा. मूल दहावीनंतर भारतातून आलं असेल तर तिकडच्या नववी-दहावीच्या गुणपत्रिका लागतात. त्या शाळेतून मागवायला किती वेळ जातो ते तुम्हाला माहीत आहे, आधी सुरू करा.

ईमेल मुलाने लिहायचा

आमच्या सगळ्यात जास्त चुका इथे झाल्या. पहिले अकरा ईमेल लेकीच्या नावाने मी लिहिले. नीटनेटके, लांबलचक, तिचा कथकचा रंगमंचप्रवेश, सेवाकार्य, मराठी शाळा, सगळं त्यात होतं. एकाचंही उत्तर आलं नाही. त्यानंतर ओळखीतून एका रिक्रूटिंग सेवेला अठराशे डॉलर दिले. त्यांनी एकच मजकूर शंभरावर कॉलेजांना पाठवला आणि त्यांतल्या दोन कॉलेजांना तर ट्रॅकची टीमच नव्हती. ते पैसे गेले. तुम्ही देऊ नका. तुमच्या मुलाला जेवढं लागतं तेवढं सगळं फुकट करता येतं.

मग लेकीने स्वतः लिहिलं. सहा ओळी. विषयाच्या ओळीत हायस्कूल संपायचं वर्ष २०२६, तिहेरी उडी ३७ फूट साडेचार इंच, न्यू जर्सी, जीपीए. आत: मी कोण, कुठल्या शाळेची, माझ्या चांगल्या तीन उड्या आणि तारखा, व्हिडिओची लिंक, पुढची मीट कधी आणि कुठे आणि तुमच्याच कॉलेजात मला काय शिकायचंय. शेवटची ओळ प्रत्येक कॉलेजसाठी वेगळी. एका कोचला तिने लिहिलं होतं, "तुमच्या दोघी तिहेरी उडीवाल्या पहिल्या वर्षापेक्षा तिसऱ्या वर्षी जवळजवळ अर्धा मीटर पुढे गेल्यात, तुम्ही त्यांच्याकडून नेमकं काय करून घेता?" हे तिने टीएफआरआरएसवर बघून काढलं होतं. त्याचं उत्तर चाळीस मिनिटांत आलं.

ईमेल मुख्य कोचला आणि उड्यांच्या कोचला, दोघांना पाठवायचा. त्याआधी टीमच्या पानावरचा प्रश्नांचा फॉर्म भरायचा, नाहीतर तो भर असंच उत्तर येतं. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर पुन्हा लिहायचं, पण नवीन काही सांगण्याजोगं असेल तेव्हा: नवी उडी, नवे गुण. फोन आला तर मुलानेच घ्यायचा. मी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकायचे आणि ती अडखळली की जीव वर-खाली व्हायचा, पण मध्ये गेले नाही.

तारखा लक्षात ठेवा. पहिल्या आणि दुसऱ्या डिव्हिजनचे कोच ट्रॅकच्या मुलांशी दहावी संपल्यावरच्या १५ जूनपासून बोलू शकतात. मूल त्याआधीही लिहू शकतं, पण त्यांना उत्तर देता येत नाही. हे माहीत नसल्यामुळे दहावीत लिहिलेल्या ईमेलना उत्तर आलं नाही म्हणून लेक हिरमुसली होती. तिसऱ्या डिव्हिजनच्या कोचना हे बंधन नाही. आणि १५ जूनला फोन खणखणेल अशी आस लावून बसू नका. २०२४ च्या त्या दिवशी आमच्याकडे एकही फोन आला नाही. तो फार पुढे गेलेल्या मुलांचा दिवस असतो. बाकीच्यांचं गाडं अकरावीच्या मे-जूनमध्ये हलतं, आउटडोअरचे आकडे आल्यावर.

व्हिडिओत काय दिसायला हवं

फोन आडवा धरा. वाळूच्या खड्ड्याच्या बाजूला, जिथून उडी घेतात त्या फळीच्या बरोबर काटकोनात, पंधरा-वीस पावलं लांब उभे राहा. धाव सुरू होते तिथपासून वाळूतून उठेपर्यंत एक सलग उडी, मग तीच मंद गतीत. अशा दोन-तीन उड्या, मिनिटभरात संपणारं. सुरुवातीला एका पाटीवर नाव, वर्ष, आकडा.

गाणं लावू नका. हे मी फार कळकळीने सांगते. तिहेरी उडीत तीन वेळा पाय जमिनीवर आपटतो, हॉप, स्टेप, जंप, आणि त्या तीन आवाजांमधलं अंतर जितकं सारखं तितकी उडी चांगली. बहुतेक मुलांची मधली स्टेप आखूड पडते आणि आवाज येतो 'धप्प, धप-धप्प'. लेकीचाही दहावीत तसाच यायचा. कोच हे कानाने ऐकतात. गाणं लावलं की तुम्ही त्यांचे कान बंद केलेत.

आणखी एक गोष्ट, जी मला एका कोचनेच सांगितली. लेक उडीच्या आधी टेपचं टोक फळीला लावते, धावपट्टीच्या कडेने उलटी चालत जाते आणि ९१ फुटांवर चिकटपट्टीची खूण करते. तिथून चौदा पावलं. एका थंड मीटला समोरून वारा होता. पहिल्या उडीला पाय फळीच्या वीतभर अलीकडे पडला. तिने खूण उचलली आणि फूटभर पुढे आणली, कारण समोरच्या वाऱ्यात पावलं आखूड पडतात. दुसऱ्या उडीला अंगठ्याने फळीची कड ओलांडली, लाल झेंडा वर गेला. तिने खूण चार बोटं मागे सरकवली. तिसरी उडी बरोबर बसली, ३६ फूट ११. मी त्या तिन्ही उड्या कापायच्या विसरले आणि तशाच पाठवल्या. कोच म्हणाला, मला तो फाऊल आवडला, कारण त्यानंतर ती घाबरून हळू धावली नाही, शांतपणे खूण हलवली. तेव्हापासून आम्ही एक व्हिडिओ असाही ठेवायला लागलो, एका मीटमधल्या सलग तीन उड्यांचा.

उन्हाळा, भेट आणि पक्कं करणं

तिसऱ्या डिव्हिजनची बरीच कॉलेजं अकरावी संपल्यावरच्या उन्हाळ्यात प्री-रीड करतात. म्हणजे कोच मुलाची ट्रान्सक्रिप्ट (हायस्कुलची गुणपत्रिका), परीक्षेचे गुण आणि बारावीच्या विषयांची यादी प्रवेशाच्या कचेरीला दाखवतो आणि ते लोक ढोबळ अंदाज सांगतात. हा शब्द कोचच्या तोंडून आला की समजायचं, तो गंभीर आहे. आला नाही तर मुलाने विचारावं, तुम्ही माझं प्री-रीड करणार का? नकार आला तरी वेळेत आलेला बरा, कारण अर्ली डिसिजनचा, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं असा, अर्ज बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात भरायचा असतो आणि तो एकाच कॉलेजला भरता येतो.

भेटीला गेलात तर कोचपासून दूर, टीमच्या मुलींसोबत मुलीला रात्रभर राहू द्या. आमच्या लेकीने तिथे विचारलं, प्रयोगशाळेचा तास आणि सराव एकाच वेळी आला तर काय होतं? एका कॉलेजात मुली एकमेकींकडे बघत राहिल्या. दुसऱ्या ठिकाणी लगेच सांगितलं, कोच पाच वाजता परत येतात, लॅबवाल्यांचा सराव तेव्हा. दुखापत झाली तर कोण बघतं, गेल्या वर्षी उडीवाल्यांपैकी किती जणींनी हंगाम पुरा केला, उड्यांचा कोच पूर्ण वेळ आहे का अर्धा वेळ, हे विचारा.

मी मात्र खड्डा बघते. एका ठिकाणी वाळूवर अशी पापडी धरली होती की टाच रुतेना. दुसरीकडे वाळू ओली, उकरून मोकळी केलेली, वर आच्छादन आणि कडेला दोन दाताळी व्यवस्थित टेकवलेली. त्या टीममध्ये उडीवाल्यांची काळजी घेणारं कुणीतरी आहे हे मला तिथेच कळलं.

शरीराचं

तिहेरी उडीत एका पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. अकरावीच्या हिवाळ्यात लेकीच्या नडगीत कळ यायला लागली. मीटचे आकडे हवेत म्हणून आम्ही सहा आठवडे ती ओढली. ती आमची चूक होती. शेवटी एमआरआयमध्ये हाडाला सूज निघाली आणि सबंध इनडोअर हंगाम गेला. कळ बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी असेल, रात्रीही ठसठसत असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे न्या. आकडे वसंतात मिळतात.

आमचं घर शाकाहारी. डॉक्टरांनी रक्तातलं लोहाचं साठवण तपासलं, फार कमी होतं. मुलींच्या बाबतीत पाळी लांबली किंवा थांबली तर "खेळते ना, होतं असं" म्हणून सोडू नका, हाडं त्यानेच ठिसूळ होतात. आता सरावाच्या आधी गूळ-शेंगदाण्याचा लाडू आणि केळं जातं, नंतर घरी आल्याबरोबर उसळ आणि भात, अंघोळीच्या आधीच. भूक नाही म्हणाली तरी.

भारतातून येणाऱ्यांसाठी थोडं

पुण्यात, नाशकात, साताऱ्यात उड्या मारणाऱ्या मुलांनाही ही वाट बंद नाही. दिल्लीचा तेजस्विन शंकर २०१६ मध्ये २.२६ मीटर उंच उडी मारून राष्ट्रीय विक्रम करतो काय, पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीवर कॅन्सस स्टेटला जातो काय आणि २०१८ व २०२२ ला एनसीएएचं अजिंक्यपद घेतो काय. तुमचे आकडे आधीच मीटरमध्ये असतात, ही सोयच आहे. अधिकृत राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेच्या निकालाची लिंक, व्हिडिओ आणि गुणपत्रिका एवढं ईमेलला पुरतं. मात्र बारावीनंतर एखादं वर्ष नुसता सराव करू आणि मग बघू, असं ठरवायच्या आधी त्याचा पात्रतेवर काय परिणाम होतो ते कॉलेजच्या कंप्लायन्स कचेरीला, म्हणजे खेळाचे नियम बघणाऱ्या कचेरीला, विचारून घ्या.

पक्कं झाल्यावर

एक काम राहतं आणि बहुतेक जण ते विसरतात. मुलाने तोंडी हो म्हटलं की ज्या ज्या कोचशी बोलणं चालू होतं त्या प्रत्येकाला त्याच आठवड्यात स्वतः लिहून कळवायचं. ते लोक तुमच्यासाठी जागा धरून बसलेले असतात आणि ती दुसऱ्या कुणाच्या मुलाला मिळायची असते. लेकीने ऑक्टोबरमध्ये एका रात्रीत चार ईमेल लिहिले, प्रत्येकात त्या कोचने तिला सांगितलेली एखादी गोष्ट आठवून. सकाळी तिघांची उत्तरं आली होती. एकाचं कॉलेज तिच्याच कॉन्फरन्समध्ये आहे. त्याने लिहिलं होतं, अभिनंदन, मे महिन्यात खड्ड्यापाशी भेटू, आणि मधली स्टेप अजून लांबव.